ओळ एकपासून, स्तंभ शून्यापासून

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महानुभावांच्या सूत्रपाठापासून निघतो, बखरींपाशी थांबतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांना व कोशांना ओझरता नमस्कार करून निबंध-कादंबरीकडे वळतो. या वाटेवर एक गद्य नेहमी बाहेर राहते. ते म्हणजे निव्वळ वापरासाठी लिहिलेले गद्य. त्याला लेखकाचे नाव नसते, शैलीचा अभिमान नसतो. मात्र त्यातला एक शब्द सैल पडला तर वाचणाऱ्याचे काम अडते. संगणकाच्या आज्ञावलीसोबत जोडलेला लेखी खुलासा, ज्याला सगळे डॉक्युमेंटेशन म्हणतात, तो या गद्याचा आजचा नमुना होय. अशा एका डॉक्युमेंटेशनचा मराठी पाठ आम्ही तयार करीत आहोत. त्या कामात भाषेविषयी जे प्रश्न उभे राहिले, ते साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावेत असे वाटले.

बारामती आणि इंदापूर या शेजारच्या तालुक्यांत आम्ही दोघे मराठी शिकवतो. आमच्या शेजारच्या वर्गांत संगणकशास्त्र शिकणारी बरीचशी मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. उसाचे वजन, साखर उतारा, पाळीपत्रक यांचे हिशेब ती पायथॉन भाषेत सफाईने मांडतात. पण इंग्रजी खुलासा समोर आला की तो वाचण्याऐवजी त्यातले उदाहरण उचलतात, चालले तर पुढे जातात. का चालले, आणि कधी चालणार नाही, हे त्यांच्या हाती लागत नाही. आमचा मराठी पाठ या मुलांसाठी आहे.

आम्ही निवडलेली लायब्ररी म्हणजे 'जेडाय'. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या कामात जोडून घ्यावा असा आज्ञावलीचा तयार संच. डेव्ह हाल्टर यांनी ती २०१२ पासून लोकांपुढे ठेवली. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या जेडाय योद्ध्यांना पुढचे आधी कळते. त्या शक्तीचे थोडेसे अनुकरण करावे म्हणून हे नाव, असे कर्त्यानेच नोंदवले आहे. पायथॉनमध्ये लिहिणाऱ्याने अर्धे नाव टंकले की तिथे पुढे काय येऊ शकेल याची यादी जेडाय तयार करते. 'आयपायथॉन'ने २०१७ साली, सहाव्या आवृत्तीपासून, हे काम तिच्याकडे सोपवले.

लायब्ररीचा इंटरफेस म्हणजे तिची खिडकी. तहसील कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला आत किती कपाटे आहेत हे ठाऊक असण्याची गरज नसते. कोणता कागद द्यायचा, कोणता मिळेल, आणि काय मिळणार नाही, एवढे त्याला नेमके कळले पाहिजे. जेडायच्या खिडकीत आपला कोड द्यायचा, कर्सर कोठे आहे ते सांगायचे आणि ठरलेल्या पाच-सात प्रश्नांपैकी एक विचारायचा.

पहिली अडचण नावाचीच आली. मूळ इंटरफेसमध्ये 'कम्प्लीट' हे नाव दोन ठिकाणी येते. एकदा ते संपूर्ण यादी मागण्याच्या क्रियेचे नाव असते. दुसऱ्यांदा यादीतल्या एकेका नोंदीच्या गुणाचे, म्हणजे शब्दाचा जेवढा भाग टंकायचा राहिला आहे तेवढ्याच तुकड्याचे. आमच्यापैकी एकाला यासाठी 'पूर्ती' हा शब्द मोहवीत होता, कारण समस्यापूर्तीची परंपरा आपल्या घरची आहे. दुसऱ्याचा आक्षेप असा, की समस्यापूर्तीत शेवटचा चरण दिलेला असतो आणि कवी आधीचे रचतो. इथे प्रारंभ दिलेला आहे. शिवाय कवी एकच उत्तर देतो आणि त्यात त्याची प्रतिभा पणाला लागते. जेडाय मात्र शक्य ती सगळी नावे नावांच्या क्रमाने मांडते. एका अधोरेषेने सुरू होणारी नावे नंतर, दोन अधोरेषांची त्याहून शेवटी. कोणते चांगले याबद्दल ती काहीच म्हणत नाही. हा आक्षेप टिकला. क्रियेला आम्ही 'पर्याय' म्हटले, गुणाला 'उरलेला भाग'. इंग्रजीत एकाच शब्दाखाली झाकलेल्या दोन गोष्टी मराठीत वेगळ्या झाल्या.

'गोटू' आणि 'इन्फर' या दोन प्रश्नांतला भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला चटकन समजावा असा आहे. समजा, 'उतारा' हे नाव दुसऱ्या फाइलीतून मागवून घेतले आहे. 'गोटू' विचारले तर या फाइलीत ते नाव जिथे आले त्या ओळीवर जेडाय नेते आणि वेगळे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. 'इन्फर' विचारले तर मागवण्याच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून ती मूळ वस्तूपर्यंत पोहोचते. प्रबंधात एखादे अवतरण कोणत्या पुस्तकावरून घेतले ते सांगणे निराळे आणि मूळ पोथी उघडणे निराळे, तसाच हा फरक. जुन्या आवृत्त्यांत या दोन्ही क्रियांची नावे 'गोटू'नेच सुरू होत असत. २०२० साली ती बदलली. नाव बदलणे म्हणजे विचार स्पष्ट करणे, हे वर्गात सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

खरी कसोटी मात्र एका साध्या वाक्याने पाहिली. ओळ एकपासून मोजावी, स्तंभ शून्यापासून, असे मूळ खुलासा सांगतो. स्तंभ म्हणजे ओळीत कर्सरच्या आधी आलेली 'कॅरेक्टर्स'. इंग्रजी वाचकाला इथे शंका येत नाही. मराठीत 'कॅरेक्टर'ला 'अक्षर' म्हटले की विधान तत्काळ खोटे ठरते. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ पासून, नावे देवनागरीतही देता येतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. 'क्षिती' हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरे दोन दिसतात. छंदशास्त्राने मोजले तर मात्रा तीन: 'क्षि' लघू, 'ती' गुरू. पायथॉन मात्र क, हलन्ताची खूण, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे मोजतो. त्या शब्दापुढे कर्सर असेल तर स्तंभ सहा.

बारामतीत हा हिशेब परका वाटू नये. मोरोपंतांचे आयुष्य इथे गेले, १७९४ साली ते इथेच निवर्तले. ज्या गीतीवृत्ताला आपण सरसकट त्यांची आर्या म्हणतो, त्यात बारा आणि अठरा मात्रांचे चरण असतात आणि जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर गुरू होते. काय मोजायचे हे ठरवल्यावाचून तिथे एक पाऊल टाकता येत नाही, कारण पुढे कोणता शब्द बसेल हे त्या मोजणीवरच ठरते. एकाच शब्दाचे दोन, तीन आणि सहा हे तिन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न एवढाच, की आपण कोणाशी बोलत आहोत.

जेडायबाहेर पडले की गुंता वाढतो. एडिटर आणि अशा साधनांनी परस्परांशी कसे बोलावे याचा एक नियमसंच मायक्रोसॉफ्टने २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात जागा मोजण्याचे मूळ एकक निराळे आहे. देवनागरीपुरते ते पायथॉनशी जुळते. परंतु २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे दोन एकके लागतात. २०२२ च्या आवृत्तीपासून कोणते एकक वापरायचे हे दोन्ही बाजूंना आधी ठरवता येते. आम्ही 'अक्षर' हा शब्द पूर्ण टाळून 'चिन्ह' हा शब्द घेतला आणि शेजारी 'क्षिती'ची फोड छापली.

खुलासा कसा असावा याचे एक गंभीर उदाहरण इंदापूरच्या मातीत आहे. कंपनी सरकारच्या काळात प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली जमीन आकारणी शेताच्या निव्वळ उत्पन्नाच्या किचकट हिशेबावर उभी होती. ती रयतेला पेलली नाही. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पाहणीचा आरंभ इंदापुरात केला. मातीचा रंग आणि खोली पाहून नऊ वर्ग, पहिल्याला सोळा आणे आणि खाली उतरते मोल, दोषांसाठी ठरावीक खुणा अशी ही पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. हेतू महसुलाचाच होता, त्याला परोपकार समजण्याचे कारण नाही. पण एक फरक मोलाचा आहे. निव्वळ उत्पन्नाचा आकडा शेतकऱ्याला पडताळता येत नव्हता. मातीची खोली खड्डा खणून पाहता येते.

हीच कसोटी आम्ही प्रत्येक वाक्याला लावली: विद्यार्थ्याला हे स्वतः पडताळून पाहता येईल का? 'जेडाय हुशारीने सुचवते' हे वाक्य या कसोटीवर पडते. 'यादी नावांच्या क्रमाने येते' हे टिकते. 'काही सापडले नाही तर रिकामी यादी मिळते' हेही टिकते, आणि ते लिहिणे अत्यावश्यक आहे, कारण रिकामी यादी हे उत्तर आहे, बिघाड नव्हे. मूळ खुलाशात मर्यादांचा स्वतंत्र विभाग आहे. कोड फार गुंतागुंतीचा असेल तर अडकून पडू नये म्हणून जेडाय अनुमान करणे मुद्दाम थांबवते, असे तिथे सरळ सांगितले आहे. एरवी ती तुमचा कोड चालवत नाही, केवळ वाचते, हेही सांगितले आहे. आपल्याला काय येत नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी प्रस्तावना मराठी पुस्तकांत क्वचित आढळते.

या स्वच्छतेची गरज आता वाढली आहे. २०२१ साली 'गिटहब कोपायलट' आला आणि भाषिक प्रारूपे ओळीच नव्हे तर परिच्छेद सुचवू लागली. त्यांच्याही खिडकीचे वर्णन लिहिता येते: काय द्यायचे, उत्तर कोणत्या आकारात येईल. पण सुचवलेले नाव खरोखर कोठे तरी आहे, अशी हमी त्या वर्णनात घालता येत नाही. जेडायच्या यादीतले नाव तिने वाचलेल्या कोडमधून येते. प्रारूपाने सुचवलेले नाव संभाव्यतेतून. पाठचिकित्सा शिकलेल्याला हा भेद जुना आहे. हस्तलिखितात दिसणारे अक्षर आणि कसरीने खाल्लेल्या जागी संपादकाने कल्पिलेले अक्षर आपण एकाच ठशात छापत नाही. दोन्हीही उपयोगाचे असते, पण कोणते कोणते हे वाचकाला कळलेच पाहिजे. आमच्या तालुक्यांतली मुले आज दोन्ही प्रकारच्या सूचना एकाच पडद्यावर, एकाच रंगात पाहतात.

'उपयोजित मराठी'च्या अभ्यासपत्रिकेत आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, वृत्तलेखन शिकवतो. त्यात अशा खुलाशाचे एक पान घालावे, असे आम्ही सुचवू इच्छितो. त्यासाठी विद्यार्थ्याला पायथॉन येण्याची गरज नाही. 'ओळ एकपासून, स्तंभ शून्यापासून' एवढे वाक्य फळ्यावर लिहावे आणि विचारावे: यातला कोणता शब्द अजून ठरलेला नाही?