वाघेश्वराच्या टेकडीवर

पुण्याहून आळंदीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे येरवडा, विश्रांतवाडी, दिघी अशीं गांवें मागें पडत जातात आणि फाट्यावरून आंत वळलें कीं चऱ्होली बुद्रुक येतें. इंद्रायणीकांठचें हें जुनें खेडें १९९७ मध्यें पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आलें. येथें तापकीर आडनांवाचीं घरें पुष्कळ. धाकट्या बहिणीच्या घरीं जातांना दारोदारच्या त्या पाट्या वाचून मला ओशाळल्यासारखें झालें, कारण माझें व्यसन तपकिरीचेंच आहे.

गेल्या पौषांत छातींत कळ आली. डॉक्टरांनीं तंबाखू कोणत्याही रूपानें वर्ज्य सांगितली. चाळीस वर्षें खडू आणि तपकीर यांच्या धुरळ्यांत काढलेल्या माणसास ही आज्ञा कठीण. तरी ७१ दिवस मीं ती पाळली. बहात्तराव्या दिवशीं थोरल्या बंधूंचें वर्षश्राद्ध होतें. आदल्या रात्रीं प्रवासामुळें झोंप नव्हती. ब्राह्मणांचीं जेवणें होईपर्यंत तीन वाजले. आम्ही उपाशीच होतों. तेवढ्यांत एका स्नेह्यानें डबी पुढें केली आणि मीं चिमूट घेतली. व्रत मोडलेंच, मग एक काय आणि दहा काय, असें म्हणून संध्याकाळीं नवी डबी आणली. आठ दिवस हें चोरून चाललें. सूनबाईंनीं माझ्या रुमालावरचे डाग पाहिले. त्या कांहीं बोलल्या नाहींत; रुमाल धुऊन, घडी करून उशाशीं ठेवला. ती घडी मला पाहवेना, म्हणून मी चऱ्होलीस निघालों.

बस येरवड्याहून जातांना मुक्तांगणाची आठवण झाली. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ मध्यें स्थापिलेलें हें व्यसनमुक्ति-केंद्र; पु. ल. देशपांडे यांचें त्याच्या उभारणीस मोठें साहाय्य झालें. उपचार घेणारास तेथें 'रुग्णमित्र' म्हणतात. पांच वर्षांपूर्वीं माझा भाचा तेथें होता. घरीं परतल्यावर दोन महिन्यांनीं तो पुन्हां प्याला, तेव्हां भर पंगतींत 'पालथ्या घड्यावर पाणी' हे उद्गार माझेच होते. त्यानें मुकाट्यानें पान सोडलें होतें. त्यानंतर मात्र त्यानें दारूस स्पर्श केलेला नाहीं.

दुसरे दिवशीं पहांटे तो मला वाघेश्वराच्या टेकडीवर घेऊन गेला. मला वाटेंत तीनदां बसावें लागलें. महादेवाचें दर्शन घेऊन आम्ही बाहेर टेंकलों. लोणावळ्याजवळ उगम पावून देहू-आळंदीवरून येणारी आणि पुढें तुळापुरास भीमेला मिळणारी इंद्रायणी या गांवाच्या अंगानें वाहते. हल्लीं कांहीं दिवस तिच्यावर कारखान्यांच्या व सांडपाण्याच्या मळीचा पांढरा फेस तरंगतो. शेतांच्या जागीं उंच इमारती उठल्या आहेत.

"मामा, डबी खिशांत आहे ना?" भाच्यानें विचारलें. मी गप्प राहिलों. ती फेंकून द्या, असें तो म्हणाला नाहीं. "त्या दिवशीं जेवला होतात का?" एवढेंच त्यानें विचारलें.

मग तो म्हणाला, "भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार वेळीं माणूस घसरतो, असें आम्हांला शिकवतात. तुमच्यापाशीं त्यांतल्या तीन होत्या. पहिली चिमूट त्यांनीं घेतली. पुढचे आठ दिवस मात्र शरमेनें घेतले."

अमेरिकेंतील ॲक्रन येथील शल्यवैद्य डॉ. बॉब यांची गोष्ट त्यानें सांगितली. १९३५ च्या मे महिन्यांत बिल या दुसऱ्या मद्यासक्ताची भेट होऊन त्यांनीं दारू सोडली. पण कांहीं आठवड्यांतच वैद्यांच्या एका परिषदेस गेले असतां ते पुन्हां प्याले. परतल्यावर बिलनें त्यांना सांवरलें. त्यांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा मानला जातो. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली संस्था तोच आपला स्थापनादिन मानते.

मला गीतेचा सहावा अध्याय आठवला. योगापासून ढळलेल्याची गति काय, असें अर्जुन विचारतो; त्याचा नाश होत नाहीं, पूर्वीचा अभ्यासच त्याला पुढें नेतो, असें भगवंत सांगतात. हा भाग मीं वर्षानुवर्षें मुलांस शिकवला. पण पंगतीतून उठून गेलेल्या भाच्याला तो लागू आहे, हें मला कधीं सुचलें नाहीं. तें मीं त्याला तेथेंच सांगितलें आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "मामा, तेव्हां मलाही तुमच्यासारखेंच वाटत होतें."

खालीं उतरल्यावर मीं सूनबाईंना दूरध्वनि करून सर्व सांगितलें. त्या म्हणाल्या, "बाबा, जेवणाची वेळ चुकवूं नका." तलफ आली म्हणजे आतां मी पाणी पितों व अंगणांत फेऱ्या घालतों, कांहीं मिनिटांत ती ओसरते. आज एकोणिसावा दिवस. ते ७१ दिवस हिशेबांतून गेले, असें मी म्हणालों, तर भाच्यानें मान हालवली. टेकडी चढतांना आतां मला एकदांच बसावें लागतें.