अर्धी भरून ठेवायची बॅटरी

लिथियम पॉलिमर बॅटरीला आम्ही हेलिकॉप्टर उडवणारे नुसतं ‘लिपो’ म्हणतो. ही बॅटरी उडताना जेवढी खराब होते, त्याहून जास्त घरात पडून खराब होते. आजऱ्यात राहणाऱ्याला हे लवकर कळतं. जूनमध्ये आंबोलीकडून ढग यायला लागले की सप्टेंबर सरेपर्यंत माळ काही मोकळा होत नाही. रिमोटवरची हेलिकॉप्टरं तेवढे महिने खोक्यात आणि त्यांच्या बॅटऱ्या कपाटात. पाऊस उघडल्यावर कपाट उघडावं, तर मे महिन्यात सपाट असलेला पॅक उशीसारखा फुगलेला.

मॉडेल हेलिकॉप्टरं उडवणं आणि दुरुस्त करणं हे माझं जुनं काम. आता त्यात तालुक्यातल्या फवारणीच्या ड्रोनची भर पडली आहे. दोन्हीकडच्या फुगलेल्या बॅटऱ्यांची चौकशी केली की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं: पूर्ण भरून ठेवली होती.

यात निष्काळजीपणा नसतो, उलट काळजीच असते. आमच्याकडे घराघरांत इन्व्हर्टर आहे, दारात ट्रॅक्टर आहे. त्यांच्या शिशाच्या बॅटरीचा नियम खरोखर तसाच आहे. ती रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि बॅटरी बसते. म्हणून गॅरेजवाल्यापासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक, की बॅटरी भरलेली असावी. पुढे निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या, तेव्हा त्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या करायला सांगत. लिपोला ही दोन्ही टोकं सोसत नाहीत.

लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. चालवताना तो ३.५ च्या आसपास आला की उतरायचं, ३.० ही शेवटची हद्द. आणि ठेवायचा तो ३.८ ते ३.८५ वर, म्हणजे साधारण निम्मा भरलेला. ४.२ व्होल्टवर धन बाजूच्या ऑक्साइडला लागून असलेलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होत राहतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात. ऋण बाजूला ग्राफाइटवर एक पातळ थर असतो. तो जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम कायमचं कामातून जातं. उष्णता मिळाली की या दोन्ही क्रियांना वेग येतो. धातूच्या डब्यातला सेल असला तर तो थोडाफार दाब सोसतो. लिपोचं कवच म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची पातळ पिशवी, ती फुगते. दुसऱ्या टोकाला, सेल २ व्होल्टच्याही खाली गेला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा सेल पुन्हा चार्ज केला की तेच तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. मेलेला पॅक थोडा थोडा करंट देऊन ‘उठवायच्या’ युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. मी ते करत नाही आणि माझ्या टेबलावर कुणाला करू देत नाही.

मग एवढी नाजूक वस्तू वापरायचीच कशाला? हिशेब करून पाहावा. ७०० क्लासच्या मोठ्या हेलिकॉप्टरला सहा-सहा सेलचे दोन पॅक एकापुढे एक जोडतात. बारा सेल, ४४.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २२२ वॉट-तास. कसरती करत त्यातले ८० टक्के पाच मिनिटांत संपवले, तर सरासरी दोन किलोवॉटच्या वर जाते, जवळजवळ तीन हॉर्सपॉवर. हिरण्यकेशीच्या काठावर उसाला पाणी देणारी तीन हॉर्सपॉवरची मोटर एकट्यानं उचलून बघावी. आमचं अख्खं हेलिकॉप्टर बॅटरीसकट पाच किलोच्या आसपास भरतं. जर्मनीच्या डीटर श्ल्युटर यांनी १९७० च्या सुमारास रिमोटवरचं हेलिकॉप्टर ताब्यात ठेवून उडवून दाखवलं. तिथून पुढं तीसेक वर्षं ही यंत्रं मुख्यतः मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंजिनावरच चालली, कारण निकेल-कॅडमियमचं वजन उचलता उचलताच विजेचं हेलिकॉप्टर थकायचं. २००४ च्या सुमारास तैवानच्या अलाइन कंपनीचं टी-रेक्स ४५० आलं आणि तीन सेलच्या छोट्या लिपोवर छंदाचं सगळं चित्रच पालटलं.

पॅकच्या लेबलवर ‘सी’चा, म्हणजे पॅक किती करंट देऊ शकतो त्याचा, आकडा मोठा छापलेला असतो. तो आकडा पाहून पॅक घेऊ नये. खरी गोष्ट सांगतो तो अंतर्गत रोध, आणि बरा चार्जर तो प्रत्येक सेलचा मिलिओहममध्ये दाखवतो. सेलमागे दोन मिलिओहम असलेल्या बारा सेलमधून १०० अँपिअर ओढले तर २.४ व्होल्ट गळतात आणि २४० वॉटची उष्णता पॅकच्या पोटातच राहते. तोच पॅक दोन पावसाळे भरलेला पडून सेलमागे सहा मिलिओहमवर गेला, की ७.२ व्होल्ट गळतात आणि उष्णता ७२० वॉट. थंडीत रोध आणखी वाढतो. डिसेंबरातल्या आजऱ्याच्या सकाळी मी पॅक स्वेटरच्या आत घेऊन माळावर जातो, तो यासाठीच.

हेलिकॉप्टरचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. हवेत बॅटरीनं मान टाकली तरी पात्यांचा कोन कमी करून ते खाली सोडता येतं. खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते, आणि जमिनीजवळ कोन वाढवला की पात्यांत साठलेल्या गतीवर यंत्र अलगद टेकतं. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. सराव लागतो, पण वाट असते. जपानच्या यामाहा कंपनीनं १९८७ साली भातावर फवारणीसाठी आर-५० हे बिनमाणसाचं हेलिकॉप्टर काढलं, ते पेट्रोलवरचं होतं. आपल्या शिवारात आलेले फवारणीचे ड्रोन चार किंवा सहा पंख्यांचे, पूर्ण लिपोवर चालणारे. त्यांच्या पात्यांचा कोन बदलत नाही, त्यामुळे ऑटोरोटेशनही नाही. दहा लिटर औषध घेतलेलं वीस-पंचवीस किलोचं यंत्र ऐन उसावर असताना एक सेल जरी बसला, तरी ते दगडासारखं खाली येऊ शकतं.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला २०२३ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि ड्रोनबरोबरच्या मूळ संचाशिवाय बॅटऱ्यांचे चार जादा संच. म्हणजे एका घरात पाच संच. पुरुषभर उंच वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्याला हे यंत्र काय आहे ते सांगावं लागत नाही. पण आमच्याकडच्या पावसात फवारलेलं औषध पानावर टिकत नाही, आणि ते पाचही संच घरात बसून राहतात.

अशाच एका गटाच्या ताई पॅक घेऊन आल्या. पिशवी किंचित फुगलेली, अंगठ्यानं दाबली की मऊ लागत होती. चार्जरला लावून सेल सेल पाहिले: पाच सेल दीड मिलिओहमच्या आसपास, सहावा सहाच्या पुढे.

“दादा, पाऊस उघडला की लगेच बोलावणं येतंय, म्हणून फुल्ल करूनच ठेवल्या हुत्या न्हवं,” त्या म्हणाल्या.

“ताई, उडवताना एकूण व्होल्ट किती दिसायचे?”

“बरोबर दिसायचे की.”

बरोबर दिसणारच. ८० अँपिअर ओढले की त्या सहाव्या सेलचा जवळपास अर्धा व्होल्ट गळतो. पण बेरजेत बाकीचे सेल त्याला झाकून घेतात आणि रिमोटवरचा आकडा चांगलाच दिसतो. म्हणून बेरजेवर विसंबू नये, प्रत्येक सेल वेगळा पाहावा. त्यांचा तो पॅक मी परत दिला नाही.

त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो. उद्या-परवा उडवायचं नसेल तर चार्जरवरचा ‘स्टोरेज’ पर्याय लावावा. चार्जर प्रत्येक सेल स्वतःच ३.८ च्या आसपास आणून थांबतो. विमानानं पाठवताना सुट्या लिथियम बॅटऱ्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत, पण तो नियम बॅटरी टिकावी म्हणून नाही, आगीचा धोका कमी व्हावा म्हणून आहे. हंगामात उतरलेला पॅक हाताला गरम लागत असेल तर जनरेटर चालू आहे म्हणून लगेच चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावा. पावसाळ्यात पिशवीच्या आत ओल जात नाही, पण प्रत्येक सेलला जोडलेल्या बॅलन्स वायरच्या बारीक पिनांवर ती चढते, पिना काळ्या-हिरवट पडतात आणि मग चार्जर सेलचं व्होल्टेज चुकीचं वाचतो. प्लग काढून पाहायला दोन मिनिटं लागतात. फुगलेल्या पॅकला टाचणी लावू नये. तो घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवावा.

आणि जागा. आमची जुनी घरं कौलारू, वर लाकडी माळा, माळ्यावर भाताचं पिंजर. चार्जिंगची जागा त्या माळ्याखाली नसावी. मी पडवीत जांभ्याच्या चिऱ्यांचा कोपरा करून घेतला आहे. तीन बाजूंनी दगड, वर मोकळं, शेजारी वाळू आणि पाणी. चार्जिंग चालू असताना तिथून उठून जायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांना घालून दिलेला नियम आहे.

योजनेतलं प्रशिक्षण पंधरा दिवसांचं आहे: पाच दिवस ड्रोन चालवण्याचे, दहा दिवस खत-औषधाच्या फवारणीचे. त्यातला एक तास तरी बॅटरी ठेवण्याचा असावा, आणि घाटमाथ्यावरच्या तालुक्यांत तो मे संपायच्या आत पुन्हा एकदा घ्यावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. गटाच्या वहीत औषधाचा आणि एकरांचा हिशेब असतोच. त्याच वहीत प्रत्येक पॅकच्या एकेका सेलचं व्होल्टेज मे अखेरीस, आणि पुढं पाऊस सरेपर्यंत महिन्यातून एकदा लिहावं. त्याचं आखलेलं पान मी करून ठेवलं आहे. दुकानात येईल त्या गटाला झेरॉक्स काढून देतो.