पगाराला नको

माझं पेन्शन बेताचं. त्यातून वर्षाला १२,००० रुपये बाजूला काढायचे, हा शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचा नेम. २४ संस्था, प्रत्येकी ५०० रुपये. कुणालाच नाही म्हटलं नाही, याचं समाधान मोठं असायचं. सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ न चुकता लिहायचे: 'ही रक्कम पगारासाठी वापरू नये.' पैसा मुलांच्या मुखी पडावा, ऑफिसात जिरू नये, हे मला इतकं उघड वाटायचं की त्यावर कधी विचारच केला नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये जवळच्याच मुलींच्या वसतिगृहात गेले होते. स्वयंपाकघराबाहेर फळा होता. त्यावर महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे जेवण देणाऱ्याचं नाव. कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध. १५ ऑगस्टच्या चौकटीत तीन नावं दाटीवाटीनं लिहिलेली, तिन्हींपुढे 'जिलेबी'. रात्री मुलींजवळ झोपायला असायच्या त्या मावशी दिसेनात, म्हणून विचारलं.

"गेल्या त्या. चार महिने पगार देता आला नाही," तिथल्या ताई म्हणाल्या. "आता रात्री मीच थांबते. बाई, जेवण द्यायला लोक रांग लावतात. मावशींसाठी मागितलं की सगळे तुमच्यासारखंच लिहून देतात."

बोलण्यात टोमणा नव्हता, थकवा होता. माझ्या चिठ्ठ्या त्यांनी फायलीत नीट लावून ठेवल्या होत्या.

घरी येताना गडचिरोली आठवत राहिली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार केले, तुलनेच्या गावांच्या मानानं तिथले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. वर्गात मी हे किती अभिमानानं सांगायचे! पण हे केलं कुणी? गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांनी. घरोघर जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. त्यांचं प्रशिक्षण, मानधन आणि त्यांच्यावर देखरेख करणारी माणसं वजा केली तर मागे काय उरतं? वजनकाटा आणि औषधाच्या बाटल्या. मी ज्याला वरखर्च म्हणत होते, तेच तर काम होतं.

आता दोनच संस्था ठेवल्यात. दर महिन्याला ७०० रुपये वसतिगृहाला, ३०० आदिवासी भागातल्या एका दवाखान्याला. कशासाठी वापरायचे, ते त्यांनी ठरवावं. रक्कम छोटीच, पण पाच तारखेला येणार म्हणजे येणार, एवढं त्यांना धरून चालता यावं. वसतिगृहात नव्या मावशी आल्यात. आम्ही नऊ जणी मिळून त्यांचा पगार भरतो.

बाकीच्या बावीस जणांना नाही म्हणणं मात्र जड गेलं. एकवीस पत्रं गेली. अंध मुलांच्या शाळेचं तेवढं राहिलंय. एकोणीस वर्षं त्यांना देत होते. दर राखीपौर्णिमेला तिथून मुलांनी वळलेली राखी येते. यंदाचीही आलीय, टेबलावर आहे, आणि शेजारी कोरं आंतर्देशीय पत्र.