बोटभर साक्षीदार

पायाशी आटे, कमरेला सहा कोनांचा नट, वर चिनीमातीसारखं पांढरं अंग आणि डोक्यावर वायर अडकवायची घुंडी. उंची बोटभर. पेट्रोल गाडीच्या इंजिनात दिसायला इतका गरीब आणि कामाला इतका मोठा दुसरा कुणी नाही. तळाशी त्याला दोन टोकं असतात, एक मधलं आणि एक बाजूने वाकून त्याच्यासमोर आलेलं. दोघांत जेमतेम मिलिमीटरभराचं अंतर असतं. त्या फटीत ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि पिस्टन खाली जातो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर स्पार्क प्लगला हे काम सेकंदाला 25 वेळा करावं लागतं, दर खेपेला हजारो व्होल्ट अंगावर घेऊन.

घराणं जर्मनीचं. 1902 साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च व्होल्टचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. कर्नाटकात हा पाहुणा घरचा झाला तो मायकोमुळे. 1951 साली स्थापन झालेल्या या कंपनीने बंगळुरूत प्लग बनवले. 2008 मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतलं, पण निपाणी-बेळगावकडच्या जुन्या मेस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे.

स्वभावाने तो तापटच हवा. टोकाचं तापमान साधारण 450 अंशांच्या वर राहिलं तर अंगावरची काजळी तो स्वतःच जाळून टाकतो. त्याखाली राहिला तर काळवंडतो. 850 च्या पुढे गेला तर ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आधीच पेटवून देतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात त्याला आयुष्य काढायचं असतं.

निपाणीहून बेळगावला निघालं की गाडीची पहिली परीक्षा तवंदी घाटात होते. सपाटीला गुणाने चाललेली जुनी ओम्नी व्हॅन चढ लागला की हिसके द्यायला लागते. ओम्नीला सिलिंडर तीनच. एक बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. गॅसवर चालणाऱ्या गाडीला त्याहून जास्त. मग वीज सोपी वाट शोधते. वायरला चीर असेल, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा असेल, तर तिथूनच निसटते. पावसाळ्यात ओल धरली की तिचं आणखी फावतं. रात्री अंधारात पाहिलं तर अशा वायरीवर निळ्या ठिणग्या उडताना स्पष्ट दिसतात. चूक वायरीची, आणि आळ येतो प्लगवर.

निपाणीत हायवेलगतच्या एका गॅरेजात मी अशा आळाची चौकशी जवळून पाहिली. ओम्नीचे मालक आल्या आल्या म्हणाले, “मेस्त्री, गाडी मिसिंग मारालीय बघा. प्लग टाका नवे.” मेस्त्रींनी नवे प्लग काढले नाहीत. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यांनी सीट उचलली, गाडी चालू ठेवली आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलली. पहिली उचलली, इंजिनाचा आवाज पडला. दुसरी उचलली, पुन्हा पडला. तिसरी उचलली, काहीच फरक नाही. “काका, ह्यो तिसरा झोपलाय.”

इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन त्यांनी तिन्ही प्लग काढले आणि फडक्यावर क्रमाने मांडले. पहिल्या दोघांची तोंडं वखारीत मुरलेल्या तंबाखूच्या पानासारखी तपकिरी होती. प्लगचा हा निरोगी रंग. कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय असा संशय घेतला असता. पांढराफटक, फोड आलेला असता तर इंजिन तापतंय असं समजलं असतं. वाफेने धुतल्यासारखा लख्ख असता तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येत असण्याची शक्यता होती. पेट्रोलने ओला असता तर ठिणगीच पडत नाही असं मानून वायर तपासली असती. तिसऱ्याचं तोंड काळं होतं आणि बोट लावलं तर तेलकट.

तरीही मेस्त्रींनी घाई केली नाही. प्लग पुसून पहिल्याचा तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा पहिल्यात टाकला. मिसिंग प्लगबरोबर सरकलं असतं तर गुन्हेगार प्लग ठरला असता. पण ते तिसऱ्यातच राहिलं. कंप्रेशन गेज लावला, काटा कमी चढला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा लावला, आता काटा वर आला. म्हणजे ऑइलने घटकाभर बुजवलेली फट पिस्टनच्या रिंगांची होती. काटा हलला नसता तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे बघावं लागलं असतं. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या. नुसते प्लग बदलले असते तर काही दिवसांत तिसरा पुन्हा तेलकट झाला असता आणि पुन्हा शिव्या त्यालाच बसल्या असत्या.

नव्या गाडीत तिसरा सिलिंडर असा झोपला, तर स्कॅनर लावला की पडद्यावर पी 0303 असा कोड येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. ठिकाण कळतं, कारण कळत नाही. त्यासाठी पुन्हा याच बोटभर साक्षीदाराला बाहेर बोलवावं लागतं. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो महागडा भाग निकामी होतो.

प्लग स्वस्त आहे, म्हणून आधी त्याचीच उचलबांगडी होते. आयुष्य संपलं की तो बदलावाच. पण भंगारात टाकण्याआधी कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवा, उजेडात धरा, त्याचं तोंड वाचून घ्या. प्लग वाचून मगच पान्याला हात घालणारा मेस्त्री भेटला, तर गाडी त्याच्याकडे निर्धास्त सोडावी.