उतरलीस का?

रविवारी रात्री साडेनऊला सांगलीहून आईचा फोन येतो. तिकडे सोमवार उजाडून दहा वाजलेले असतात, पूजा आटोपलेली असते. ती एकच विचारते, "उतरलीस का गं?" मी म्हणते, "उतरले." मग जेवणाचं विचारून ती फोन ठेवते. अकरा वर्षांत हा फोन चुकलेला नाही. स्कायडायव्हिंगमधलं बाकी काही तिला जाणून घ्यायचं नसतं. 2018 साली शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली, तेव्हा तिने पेपरातल्या फोटोचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ही पण नीट उतरली."

माझं ते "उतरले" बरीच वर्षं अर्धंच खरं होतं. पाय जमिनीला लागलेले असायचे, पण मी मंगळवारी, कधीकधी बुधवारी उतरायचे.

मी कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहते आणि सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. महिन्यातले दोन शनिवार-रविवार पेरिसला जातात. हे पेरिस म्हणजे रिव्हरसाइड काउंटीतलं, उन्हाने भाजून निघणारं, धुळीचं गाव. तिथून वीसेक जणांना घेऊन ट्विन ऑटर विमान उठतं आणि साडेबारा हजार फुटांवर दार उघडतं. साधारण मिनिटभर, ताशी 190 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने, आपण हवेवर पोट टेकून असतो. मग पॅराशूट उघडतं, कानातला वारा एकदम थांबतो आणि पुढची पाच-सात मिनिटं सॅन हसिंटोचा डोंगर आपल्या बरोबरीने उभा असल्यासारखा दिसतो.

रविवारी ऊन कललं की सामान गाडीत टाकून मी ऑर्टेगा हायवेने निघते. एल्सिनोर तळ्याच्या वरचा घाट चढताना तळं मागे खाली राहतं आणि नेमक्या त्याच वळणावर छातीत काहीतरी बसायला लागतं. मला ते वळणसुद्धा ठाऊक झालं होतं. घरी पोचेपर्यंत बोलावंसं वाटेनासं होई. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापलं काम सांगत असे आणि मला ती माणसं काचेपलीकडे बोलतायत असं वाटे. भूक लागे पण चव लागत नसे. लहानसं काही बिनसलं तरी डोळे भरून येत. दुःखाचं असं काहीच घडलेलं नसे, दोन दिवस मी आयुष्यातले सर्वांत आनंदाचे तास घालवून आलेली असे. त्यामुळे या उदासीची मला लाजही वाटायची.

कारण शोधायची माझी सवय आहे, तशी मी वाचायला लागले. वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात पॅराशूटधाऱ्यांच्या हृदयाचे ठोके विमान चढत असताना मोजले होते. नवख्याचे ठोके दारापर्यंत वाढतच जातात. मुरलेल्याचे आधीच, वाटेतच, कळसाला पोचतात आणि उडीच्या क्षणापर्यंत खाली येतात. 1974 साली रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी भावनांची एक उपपत्ती मांडली आणि तिच्यात पॅराशूटधाऱ्यांचंच उदाहरण घेतलं. प्रत्येक तीव्र भावना आपल्या पाठोपाठ तिच्या उलट भावनेला ओढून आणते. दहशतीच्या मागून हर्ष येतो. उड्या वाढत जातात तशी दहशत लहान होते आणि मागून येणारा हर्ष मोठा होऊन तासन् तास टिकतो. पुढचं माझं मी जोडलं. झोका एवढा वर गेला, तर तो परतही येणारच. चढताना भीती खाली आणायला शरीर शेकडो उड्यांनी शिकतं. जमिनीवर आल्यानंतर आनंद कसा खाली आणायचा, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं.

वाचून समजूत पटली, पण सोमवार बदलला नाही. मग मी सगळे करतात तेच केलं. रविवारी अजून एक उडी. शेवटच्या लोडमध्ये, म्हणजे विमानाच्या शेवटच्या फेरीत, जागा असेल तर नाव द्यायचं, म्हणजे घाट तेवढा लांबतो. अशाच एका रविवारी, दुसऱ्या एका गावच्या मैदानावर, दिवसातल्या सहाव्या उडीला मी उतरत होते. पाणी कमी प्यायलं होतं, दुपारी नीट जेवले नव्हते, वारा पडला होता. उतरताना दोन्ही टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढून वेग मारायचा असतो, त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो, आणि तो जमीन दहा-बारा फुटांवर आली की करायचा असतो. नजर समोर क्षितिजावर ठेवली तर उंची कळते. मी पायांखाली पाहिलं. थकलेला माणूस खालीच पाहतो. जमीन अंगावर आल्यासारखी वाटली, मी बरंच वर असताना टॉगल ओढले, पॅराशूट थबकलं आणि मग मला घेऊन खाली आलं. घोटा मुरगळला. चूक सर्वस्वी माझी होती. ती उडी मी आकाशासाठी घेतलेलीच नव्हती, सोमवार टाळण्यासाठी घेतली होती.

सहा आठवडे उडी बंद. त्या सहा आठवड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. घरी बसवेना म्हणून पायाला पट्टा बांधून मी पेरिसला जायचे. खुर्ची टाकून बसायचे, कुणाचे रबरबँड बदलून दे, कुणाच्या उडीचं चित्रण बघून दे, नव्या मुलांची जमिनीवरची तालीम घे. दोन दिवस. एकही उडी नाही, विमानात पाऊलसुद्धा नाही. संध्याकाळी घाट चढायला लागले आणि त्याच वळणावर छातीत तेच बसलं. सोमवार अगदी तसाच आला.

म्हणजे हे उडीचं नव्हतं.

मग मी हिशेब मांडला. दोन दिवसांत आठ उड्या झाल्या, तर मोकळ्या हवेतली मिनिटं होतात आठ. पॅराशूटखालची धरा चाळीस-पन्नास. उरलेले सोळा-सतरा तास मी जमिनीवर असते. त्या तासांत काय होतं? पॅराशूट पॅक करते, रांगेत उभी राहते, सावलीत बसून वाऱ्याकडे बघते. आणि माणसं एकमेकांकडे बघतात, अगदी निरखून. विमानात नऊ-दहा हजार फुटांवर शेजारचा पाठ वळवतो आणि म्हणतो, पिन बघ. मी त्याच्या पाठीवरचं झाकण उचलते, पॅराशूट बंद ठेवणारी पिन नीट बसली आहे का, ती ज्यातून जाते तो दोरीचा लूप झिजला आहे का ते बघते, झाकण बंद करून पाठीवर थाप मारते. मग तो माझी बघतो. नाव-गाव धड माहीत नसलेल्या माणसाच्या हातात आपण पाठ देतो, आणि तो माणूस त्या दहा सेकंदांत जगातलं दुसरं काहीही करत नसतो. दार उघडायच्या आधी सगळे एकमेकांच्या तळहातावर तळहात सरकवून मूठ टेकवतात. डोळ्यांत बघून.

सोमवारी माझी पिन कुणी बघत नाही. मला दिवसभर जे टोचत होतं ते एवढंच होतं. आणि मीही कुणाची बघत नव्हते.

हे मला उमगलं, पण ते घरात आणलं माझ्या मुलीने. ती तेव्हा दहा वर्षांची होती. एका सोमवारी संध्याकाळी तिने शाळेतलं काहीतरी दाखवायला आणलं आणि मी "नंतर" म्हणाले. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "आई, शनिवारी तू तिकडे हसतेस ते फोटोत दिसतं. मला तुझा सोमवारच मिळतो." त्या वाक्याने मी जितकी खाली आले, तितकी कुठल्याच उडीने आले नव्हते.

तेव्हापासून रविवारची शेवटची उडी झाली की मी पॅराशूट तिथे पॅक करत नाही. तसंच पोत्यात भरून घरी आणते. सोमवारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी दिवाणखान्यातला टीपॉय भिंतीला लावतो. कंटेनर, म्हणजे पॅराशूट ठेवायची पाठीवरची बॅग, जमिनीवर ठेवून दोऱ्या ताणून घेते. कापडात पेरिसची कुसळं अडकलेली असतात, ती वेचायचं काम मुलीचं. सतरंजीवर बारीक लालसर माती पडते. मग दोऱ्या खांद्यावर घेऊन उभी राहते आणि नऊ कप्प्यांची तोंडं एकेक करून मोजते. मुलगी मराठीत मोजते, मी मनात. दोऱ्यांचे गट मधोमध आणायचे, त्यांच्यामधलं कापड बाहेर झटकायचं, स्लायडर वर सरकवून त्याचे चार भाग चारी बाजूंना काढायचे. हा स्लायडर म्हणजे कापडाचा एक चौकोन, तो पॅराशूटला एका झटक्यात उघडू देत नाही. तो नसता तर हाडं मोडली असती. शेपटाकडचं कापड सगळ्याभोवती गुंडाळून ते बाळ निजवावं तसं खाली ठेवायचं. मग हवा काढायची. हे नायलॉन हवा आरपार जाऊ देत नाही, नवं असताना साबणासारखं निसटतं, एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने फुगतं. इथे घाई चालत नाही. मी पालथी पडून छातीने दाबत जाते, तेव्हा श्वास आपोआप लांब होतो. दिवसभरात पहिल्यांदा.

पिशवीत भरल्यावर रबरबँडमध्ये दोऱ्यांचे वेढे. शेवटी पायलट च्यूट. हे लहानसं छत्र आधी हवा पकडतं आणि मोठ्याला बाहेर ओढतं, पण त्याची आतली दोरी आधी ताणून ठेवावी लागते. ती ताणली आहे की नाही हे छत्राला जोडलेल्या पट्टीवरच्या एका बारीक खिडकीतून दिसतं. खिडकीत रंग दिसला पाहिजे. पॅक मी एकटीच करते, कारण उडी माझी आहे, पण खिडकी मुलगी बघते. ती वाकते, बॅटरी लावते, म्हणते, "हिरवा." मग पिन बसते.

लहानपणी सांगलीत आम्ही कृष्णेवर गणपती विसर्जन करून यायचो. रिकाम्या हाताने यायचं नसे. पाटावर नदीची मूठभर वाळू आणायची, घरी आल्यावर त्या पाटापुढे आरती व्हायची, खिरापत वाटायची, मगच माणसं पांगायची. तेव्हा मला ती वाळू नुसती वाळू वाटे. आता सोमवारी रात्री सतरंजीवरची ती लाल माती झाडताना मला दर वेळी तो पाट आठवतो.

पॅकिंग झाल्यावर लॉगबुक. कितवी उडी, किती उंची, किती सेकंद, आणि दोन ओळी. या दोन ओळी मी मुद्दाम सोमवारसाठी ठेवते. रविवारी लिहिलेल्या ओळींत नुसता जल्लोष असतो. सोमवारच्या ओळींत कोणी काय सांगितलं, माझा डावा गुडघा कुठे घसरला, कुणाचा हात घाबरून थंड पडला होता, हे येतं. आणि एक नियम मी कडक पाळते: सोमवारी नवं सामान मागवायचं नाही, पुढच्या शनिवारची जागा राखायची नाही. ते मंगळवारी. सोमवारी केलेली खरेदी ही भूक असते, निवड नसते. बाकी साधी पथ्यं म्हणजे रविवारी घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक, वरण-भात, आणि दहाला झोप. दोन दिवसांचं ऊन, धूळ आणि अपुरी झोप हीच अर्धी उदासी असते, हे मान्य करायला मला फार उशीर लागला.

2006 साली नेदरलँड्समध्ये इंगमार फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी स्कायडायव्हर आणि वल्हवणारे खेळाडू यांची तुलना केली. रोजच्या लहानसहान गोष्टींतला आनंद स्कायडायव्हरांना कमी जाणवतो, असं त्यांना आढळलं. मुळात अशीच माणसं आकाशाकडे ओढली जातात, की आकाश त्यांना असं करतं, याचा निकाल माझ्यापुरता मला नको आहे. मला एवढं कळलं की लहान आनंदांची मला रोज राखण करावी लागेल. ते आपले आपण टिकतील अशी माझी घडण नाही. आमच्यातल्या एकाचा सोमवार महिनोन् महिने सरलाच नाही, आणि आम्ही सगळे त्याला "ये, एक उडी घे, बरं वाटेल" म्हणत राहिलो. त्याला डॉक्टरची गरज होती. तो गेला, उपचार घेतले, आता बरा आहे, पण आमचं ते सांगणं मला अजून बोचतं. गुरुवार उलटून गेला तरी मन उठत नसेल, झोप आणि अन्न गेलं असेल, तर ते उडीनंतरचं रितेपण नव्हे. त्यावर उडी हे औषध नाही.

उदासी माझ्याकडे अजूनही येते. घाटातल्या त्याच वळणावर येते. पण आता ती कशाची आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी तिच्याशी भांडत नाही. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी मुद्दाम विचारते, कालचा दिवस कसा गेला, आणि उत्तर मिळेपर्यंत स्क्रीनकडे बघत नाही. तेवढीच पिन.

तुमच्या घरातही कुणी असेल, विमानातून उडी घेणारं नसेल कदाचित, वारीहून परतणारं असेल, गडावरून, नाटकाच्या दौऱ्यावरून, लग्नघरातून. रविवारी रात्री त्याला काही विचारू नका, नुसतं जेवायला वाढा. काय काय झालं, हे सोमवारी संध्याकाळी विचारा. आणि विचारल्यावर तिथेच बसा.