कललेल्या मोटारीचें निदान

माणसाची पाठ दुखूं लागली म्हणजे त्याला बोलून सांगतां येतें. मोटारीला तें साधत नाहीं, म्हणून तिच्या वतीनें बोलणारे पुष्कळ निघतात. आमच्या घरच्या जुन्या मालवाहू मोटारीविषयीं, जिला सर्वत्र पिकअप म्हणतात, आम्हीं इतकीं मतें ऐकलीं कीं, अखेरीस तीं सर्व बाजूस ठेवून मोजपट्टी, ओळंबा व खडू हातीं घेणें भाग पडलें. त्यांतून जें निष्पन्न झालें तें अशी गाडी बाळगणाऱ्या इतर घरांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

गाडी २००८ सालची. देवगडाकडील आमच्या बागेंतला आंबा फोंडा घाटानें कोल्हापुरास पोंचविणें हें तिचें मुख्य काम. आमच्याकडे येण्यापूर्वीं ती जांभ्याचे चिरे वाहत असे. रिकामी असतां लहानशा खड्ड्यांतून गेली तरी बसणाऱ्याचे दांत वाजत. शिवाय मागून पाहिल्यास डावा कोपरा खालीं झुकलेला दिसे, आणि त्याच बाजूस केबिन व हौदा यांमधील फट वर रुंद व खालीं अरुंद झालेली होती. ही शेवटची गोष्ट आम्हां पुरुषमंडळींच्या विशेष लक्षांत आली नव्हती. तिचा अर्थ प्रथम लागला तो आमच्या वहिनींच्या वहीमुळें. पेट्या भरतांना कोणती पेटी हौद्यांत कोठें ठेवली हें त्या टिपून ठेवतात. गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यांनीं वहीशीं ताडून पाहिल्या, तों दबलेलीं फळें बहुतेक डाव्या मागच्या कोपऱ्यांतील पेट्यांत निघालेलीं! हापूसला एकदां मार लागला म्हणजे तो आढींत स्वतः तर नासतोच, पण शेजाऱ्यांसही नासवितो. हा तोटा झाला पैशाचा. गाडी चालवितो आमचा पुतण्या, आणि घाट उतरतांना त्याच्या शेजारीं बागेंतलीं दोन पोरें बसलेलीं असतात, ही गोष्ट त्याहून जड होती.

तालुक्याच्या मिस्त्र्यांनीं गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि "पाटे बसले, चारही बदला" असा निकाल दिला. दुसरे एक गृहस्थ हौदा ठोकून सरळ करून देण्यास तयार होते. धाकट्या बंधूंचें म्हणणें, गाडी विकून मोकळें व्हावें.

निदानाचा आरंभ स्वस्तांतल्या गोष्टीपासून करावा हा वैद्यांचा नियम येथेंही लागूं पडतो. म्हणून प्रथम टायर. हवा किती पौंड असावी तें दाराच्या चौकटीजवळील पट्टीवर छापलेलें असतें. रिकाम्या व भरलेल्या गाडीचे आंकडे निराळे असतात. आमच्याकडे बारा महिने भरलेल्या गाडीचीच हवा भरली जात असे. ती बेतशीर करतांच दांतांचें वाजणें थोडें कमी झालें. टायरच्या अंगावरील चार आंकड्यांवरून त्याचें वय समजतें. '३४१७' असें असेल तर तो २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यांतला. चारही टायर एका मापाचे आहेत, हेंही पाहून घेतलें. नंतर शॉकअब्सॉर्बर. गाडीचा एकेक कोपरा जोरानें दाबून सोडावा. तो एकदां वर येऊन स्थिर झाला तर ठीक, डोलत राहिला तर शॉक गेला. आमचे चारही ठीक होते.

मग पाटे. ज्या प्रमाणांत भार त्या प्रमाणांत ताण, हा कमानीचा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. पाट्यांच्या बाबतींत त्यांतली मौज अशी कीं, सारख्या पाट्यांची संख्या दुप्पट केली तर कमान दुप्पट ताठ होते, पण तितक्याच लांबीच्या पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट ताठ होतो. आमच्या गाडीच्या मागच्या दोन्ही कमानींत चिरेवाल्यानें एकेक जाड पाटा ज्यादा घातलेला आढळला. चिऱ्यांच्या ओझ्याखालीं ती कमान लवत असेल. आंब्याच्या पेट्यांनीं ती काय लवणार? जो धक्का कमानीनें गिळावयाचा तो सरळ वर जात होता. दांत कां वाजतात तें कळलें, पण गाडी एकाच अंगाला कां कलते तें यावरून कळेना, कारण ज्यादा पाटा दोन्हींकडे होता.

बैलगाडीस जसा साठा तशी मोटारीस लोखंडी चासी. केबिन व हौदा तिच्यावर बसविलेले असतात, आणि मध्यें रबरी गाद्या असतात. तेव्हां गाडी कलली म्हणजे चासी कलली कीं तिच्यावर बसलेला हौदा कलला, हा पहिला प्रश्न. आम्हीं गोदामाच्या फरशीची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनें तपासली व रिकामी गाडी तेथें उभी केली. मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कमानीपर्यंतचें अंतर डावीकडे ३० मिलिमीटर कमी भरलें. चासीची जमिनीपासूनची उंची मात्र डावीकडे १२ मिलिमीटरच कमी. म्हणजे उरलेले १८ मिलिमीटर चासी आणि हौदा यांच्या मधले. खालीं पाहतों तों डावीकडच्या रबरी गाद्यांचा चुरा झालेला. (गाडीखालीं शिरतांना नुसत्या जॅकवर विसंबूं नये, मजबूत स्टँड असल्यावांचून कोणास खालीं जाऊं देऊं नये.)

राहिले बारा. ते पाट्यांचे म्हणावेत तर परीक्षा सोपी होती: डावी कमान उजवीकडे व उजवी डावीकडे बसवावयाची. मिस्त्र्यांनीं कुरकुरत कां होईना, तसें केलें. उतार डावीकडेच राहिला. मग चासीवरील समोरासमोरच्या चार बोल्टांपासून ओळंबे सोडून फरशीवर खडूनें खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूस केली आणि दोन्ही कर्ण मोजले. चौकट नीट असेल तर कर्ण सारखे यावयाचे. नऊ मिलिमीटरांचा फरक आला. डाव्या कमानीचें पुढलें टोंक जेथें चासीला जोडलेलें असतें, तेथील काळ्या रंगाचा जाड थर तारेच्या ब्रशानें खरवडला, तेव्हां केसाएवढी एक चीर दिसली. तिच्यांतून गंजाचा तांबूस ओघळ उतरला होता. कमानीनें न गिळलेले धक्के वर्षानुवर्षें कोणी सोसले, याचा उलगडा झाला.

याच सुमारास शेजारच्या गांवचा एक चिरेवाला गाडी मागावयास आला. किंमत बरी देत होता. बंधूंचें म्हणणें असें कीं, घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. आणि ब्रशाच्या जागेवर पुन्हा रंग बसला असता तर चीर कोणास दिसणारी नव्हती, हेंही खरें. ओटीवर बसलेल्या तीर्थरूपांनीं एवढेंच विचारलें, "तो घाट उतरणार आहे ना?" बंधू कांहीं बोलले नाहींत. गाडी दाखविण्यास तेच गेले आणि चिरेवर बोट ठेवून त्यांनींच ती दाखविली. गृहस्थ चहा घेऊन परत गेला.

पुढचें काम कोल्हापुरास झालें. चिरेच्या टोंकाशीं भोंक पाडून ती पुढें सरकण्याचें थांबविलें, बॅटरीच्या तारा सोडून वेल्डिंग केलें आणि वरून पोलादी पट्टी जोडली. चासी ओढून सरळ केली. ज्यादा पाटे काढून टाकले, रबरी गाद्या नव्या घातल्या. खर्च किती झाला तें बंधू अजून अधूनमधून सांगतात. गाडीला ठरवून दिलेल्या वजनापेक्षां एक पेटीही अधिक चढवावयाची नाहीं असें ठरलें. मेच्या ऐन गर्दींत तें पाळणें किती जिवावर येतें हें बागवाल्यांस सांगावयास नको. पट्टीच्या कडा दर महिन्यास पुसून पाहण्याचें काम पुतण्याकडे आहे.

पुन्हा मोजतां डावी बाजू अजूनही ४ मिलिमीटर खालीं आहे. डाव्या मागच्या कोपऱ्यांतील पेट्यांबद्दल या हंगामांत वहिनींच्या वहींत दोन तक्रारी आहेत, आणि त्यांतली एक, त्यांच्या मतें, गिऱ्हाइकानें पेटी चार दिवस न उघडल्याची आहे. तालुक्याचे मिस्त्री मात्र रस्त्यांत भेटले कीं अजून मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणतात, "पाटे बदला, साहेब."