छपराचा उतार

छप्पर बदलायला परवानगी दोघांची लागते. कायद्याला मात्र एकाचीच ठाऊक आहे. सुलतानपुरात आमच्या गाडीखान्यावर मातीचे धाबे होते. बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर आला. तेव्हा भिंती उंच करून टिनाचे उतरते छप्पर घालायचे ठरले. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे ५२ वे कलम म्हणते, बांधकामाआधी पंचायतीची परवानगी घ्या. अर्ज दिला, नकाशा जोडला.

पण धाब्याचे पाणी एका पन्हाळीतून आमच्याच अंगणात येई. टिनाचे सबंध ओळीने पलीकडे पडणार होते. शेजारच्या आजी एवढेच म्हणाल्या, "छप्पर बदल बाप्पा, पण पानी माह्या भितीवर नको पाडू." त्यांची भिंत मातीची. आम्ही नकाशातला उतारच आमच्या अंगणाकडे फिरवला.

कागदाने छप्पर चढते खरे. पण त्याखाली पावसाळ्यात स्वस्थ झोप लागते ती शेजाऱ्याच्या होकाराने.